चार बोटं उघडी खिडकी

डोंगरावरच्या पोस्टवर पहिला हिवाळा काढायला गेलो तेव्हा मी लेफ्टनंट होतो. खडकवासल्याची तीन वर्षं, डेहराडूनचं एक वर्ष आणि युनिटमधले काही महिने एवढ्या शिदोरीवर मला सगळं कळतं असं वाटण्याचं ते वय. राहायला फायबरग्लासची झोपडी, चार बिछाने आणि मधोमध बुखारी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बुखारी म्हणजे पत्र्याची उभी शेगडी. वरच्या डब्यातून रॉकेल थेंबाथेंबानं खाली पडतं, तिथं जळतं आणि धूर पत्र्याच्या नळीतून बाहेर जातो. काश्मीरच्या घरांत हीच बुखारी लाकडावर किंवा भुशावरही चालते. शब्द फारसीतून आला, मूळ ‘बुखार’ म्हणजे वाफ.

त्या झोपडीत एक शिरस्ता होता. बुखारी पेटलेली असेपर्यंत खिडकी चार बोटं उघडी राहिली पाहिजे. बाहेर उणे वीसच्या आसपास, आणि त्या फटीतून येणारा वारा नेमका माझ्या उशीवर. दुसऱ्या संध्याकाळी मी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून फट बुजवली. झोपडी मस्त ऊबदार झाली. दोन सोबती लवकर झोपले, मी पुस्तक घेऊन बसलो.

नऊच्या सुमारास सुभेदार साहेब फेरीवर आले. दार उघडून त्यांनी आत एकदा पाहिलं, बोळा उपसून बाहेर फेकला, बुखारीचा कॉक बंद केला आणि झोपलेल्या दोघांना हलवून उठवलं. मला म्हणाले, “साहेब, बाहेर या जरा.” उठताना माझे पाय जड झालेले. डोकं दुपारपासून दुखत होतं, पण ते मी उंचीच्या खात्यावर टाकलं होतं. बाहेरच्या गार हवेत पाचेक मिनिटं उभा राहिल्यावर लक्षात आलं की गेला अर्धा तास मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो.

सुभेदार साहेब सातारकडचे. आवाज न चढवता म्हणाले, “थंडी वाजली की माणूस कुरकुरतो, साहेब. ह्या हवेत तो कुरकुरतबी नाही. ही फट कुणी बुजवायची नाही. तुम्हीपण नाही.”

त्या रात्रीपासून हा विषय माझ्या मागे लागला. पुढच्या प्रत्येक पोस्टिंगमध्ये जे हाती येईल ते वाचत गेलो. बंद खोलीतली शेगडी माणसाला मारते ही गोष्ट जुनी आहे. पण तिचा इतिहास वाचताना दोन गोष्टी दिसल्या. एक, त्यात फौजी माणसं वारंवार भेटतात. दुसरी, आत बसलेल्याला आपल्यावर काय गुदरतंय हे जवळजवळ कधीच कळलेलं नाही. ज्याला कळलं तो दारातून आत आलेला दुसरा माणूस असतो.

दोन सम्राट

सुरुवात रोमन साम्राज्यापासून करू. इसवी सन ३५५ मध्ये ज्युलियन या तरुणाला गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लष्करी जबाबदारीवर पाठवण्यात आलं. त्याचे काही हिवाळे लुटेशियात गेले. तेच आजचं पॅरिस. पुढे तो सम्राट झाला आणि ३६३ मध्ये, अँटिओक शहरात मुक्काम असताना, त्यानं ‘मिसोपोगॉन’ नावाचं एक उपरोधिक पुस्तक लिहिलं. त्यात लुटेशियातल्या एका हिवाळ्याची आठवण आहे.

तिथल्या बहुतेक घरांत जमिनीखालून भट्टीची ऊब देण्याची सोय होती. ज्युलियनला कष्टाची सवय ठेवायची होती, म्हणून त्यानं आपली खोली तापवू दिली नाही. थंडी वाढली, नदीतून बर्फाच्या लाद्या वाहू लागल्या, तेव्हा त्यानं थोडी माघार घेतली. भट्टी नकोच, पण जळून स्थिर झालेले थोडे निखारे खोलीत आणून ठेवा, असं त्यानं सांगितलं. थोड्या वेळानं डोकं भरून आलं, झोप अनावर झाली आणि जीव गुदमरला. लोकांनी उचलून बाहेर काढलं. वैद्यांनी ओकारी काढायला लावली. रात्रीतून बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला.

खरी मौज ज्युलियनच्या निदानात आहे. त्याच्या मते दोष भिंतींचा. निखाऱ्यांच्या उष्णतेनं भिंतींतली ओल बाहेर पडली आणि त्या वाफेनं आपल्याला घेरलं, असं तो लिहितो. निखाऱ्यांवर त्याला संशयच आला नाही. भट्टी नाकारली कारण ती चैन वाटली. निखारे स्वीकारले कारण ते थोडे आणि साधे वाटले. पण भट्टीचा धूर जमिनीखालून बाहेर जात होता आणि निखाऱ्यांचा वायू त्याच्या उशाशी साचत होता.

त्याच वर्षी जूनमध्ये इराणच्या मोहिमेत भाला लागून ज्युलियन मेला. सैन्यानं रणातच नवा सम्राट निवडला: जोव्हियन, सम्राटाच्या अंगरक्षक दलातला अधिकारी, वय तिशीच्या थोडं पुढे. सैन्य घेऊन कॉन्स्टँटिनोपलकडे परतताना १७ फेब्रुवारी ३६४ रोजी आजच्या तुर्कस्तानातल्या डाडास्ताना नावाच्या मुक्कामी तो रात्री झोपला आणि सकाळी मेलेला सापडला. कारकीर्द जेमतेम आठ महिन्यांची.

हा प्रसंग लिहून ठेवणारा अम्मियानुस मार्सेलिनुस स्वतः फौजी होता आणि इराणच्या मोहिमेत हजर होता. त्यानं तीन शक्यता नोंदवल्या आहेत: खोलीच्या ताज्या गिलाव्याचा वास, भरपूर पेटवलेल्या कोळशाचा धूर किंवा जड जेवणाचं अजीर्ण. चौकशी झाली नाही, हेही त्यानं नमूद केलं आहे. आज वाचणाऱ्याचं बोट दुसऱ्या शक्यतेवर थांबतं. फेब्रुवारीची थंडी, नुकतीच लिंपलेली आणि म्हणून ओलसर खोली, ती वाळवायला पेटवलेले कोळसे, बंद दार. ज्युलियननं आपला प्रसंग लिहिला त्याला तेव्हा वर्षच होत आलं होतं. त्याच्या गादीवर आलेला माणूस त्याच सापळ्यात गेला, आणि याही वेळी संशयितांच्या यादीत भिंत होतीच.

धूर हा मित्र

भिंतीवर आळ का आला, हे समजायला कोळशाकडे बघावं लागतं. ओलं लाकूड जळताना धूर होतो, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. माणूस शिव्या देत बाहेर पळतो आणि वाचतो. लोणारी कोळशात हा सगळा त्रासदायक भाग आधीच जळून गेलेला असतो. निखारा लालबुंद, धूर नाही, वास जवळजवळ नाही. म्हणून तो माणसाला सभ्य वाटतो आणि घरात येतो. पण हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो हवेपेक्षा किंचित हलका आहे, म्हणजे जवळजवळ हवेइतकाच, त्यामुळे खोलीभर सारखा पसरतो. खाली झोपलं म्हणून वाचलं किंवा वरच्या बर्थवर झोपलं म्हणून वाचलं, असा काही हिशेब त्यात नाही.

सरपण जितकं सुधारत गेलं तितका धूर कमी होत गेला. लाकडानंतर कोळसा, मग रॉकेल, मग गॅस. प्रत्येक पायरीला स्वयंपाकघर स्वच्छ झालं आणि प्रत्येक पायरीला धोक्याची सूचना देणारा एक खबऱ्या कमी झाला.

जुन्या लोकांना वायूचं नाव माहीत नव्हतं, तरी अनुभवानं त्यांनी चांगली उत्तरं काढली होती. रोमन लोकांची जमिनीखालची भट्टी त्यातलीच. श्रीनगरला असताना तिथल्या मशिदींमधले आणि जुन्या घरांमधले हमाम पाहिले तेव्हा ती भट्टी मला समजली. दगडी फरशी, तिच्याखाली पोकळी, आणि लाकूड घालायचं तोंड खोलीच्या बाहेर. आगीला लागणारी हवा बाहेरची, धूर बाहेर, खोलीत येते ती फक्त तापलेल्या दगडाची ऊब. आगीची हवा आणि माणसाची हवा वेगळी ठेवायची, हे तत्त्व त्यात पुरतं सांभाळलेलं आहे. आजचा कुठलाही इंजिनियर याहून वेगळं सांगणार नाही.

काश्मीरची कांगडी मात्र निखाऱ्यांचीच. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात बहुधा चिनारच्या पानांचा कोळसा, आणि ते फिरनच्या आत धरायचं. दिवसा माणूस हिंडत असतो, दार उघडत-मिटत असतं, तेव्हा ती सोबतीण. पण कोळशाच्या तीन-चार कांगड्या घेऊन लहान खोली बंद करून झोपलं, तर ज्युलियनची खोली पुन्हा तयार होते.

आपल्याकडेही हे काही परकं नाही. कोकणातल्या आणि देशावरच्या जुन्या घरांत चुलीचा धूर कौलांच्या सांध्यांतून आपोआप निघून जाई. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधून नळी, खाली विस्तव, धूर वर. आणि न्हाणीघर बहुधा घराच्या कडेला, फटींचं, हवेशीर. ज्यांनी ही घरं बांधली त्यांनी फटी ठेवल्या होत्या. त्याच घरांत एक खोली मात्र बंद ठेवली जाई: बाळंतिणीची. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या आणि बाजेखाली शेकाची शेगडी. घरातल्या म्हाताऱ्या बाया सतत आत-बाहेर करत, शेक संपला की शेगडी उचलून नेत. ते सतत येणं-जाणं हेच तिथलं संरक्षण होतं.

उंदीर आणि कॅनरी

वायूची ओळख पटायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८०० मध्ये विल्यम क्रुकशँक या रसायनशास्त्रज्ञानं हा वायू कार्बन आणि ऑक्सिजनचा बनला आहे हे दाखवलं. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी तो रक्तात काय करतो हे उलगडलं: तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे हवेत त्याचं प्रमाण अगदी थोडं असलं तरी तासा-दोन तासांत रक्तातल्या जागा भरत जातात. माणूस श्वास घेत राहतो, छाती हलत राहते आणि मेंदू उपाशी राहतो.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून जमिनीखाली नेलं ते जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. जन्म १८६० चा, एडिंबराचे. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाऊनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मेले. हॉल्डेन यांनी खाली उतरून मृतदेह तपासले. स्फोटानं माणसं चिरडली-भाजली असणार, असा सगळ्यांचा समज. हॉल्डेन यांना दिसलं की बहुतेकांचा जीव स्फोटानं गेला नव्हता, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं गेला होता.

त्याआधी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले होते. मोजून मिसळलेला वायू हुंगायचा, मधूनमधून स्वतःचं रक्त तपासायचं आणि होणारा परिणाम लिहून ठेवायचा. रक्तातलं निम्म्याच्या आसपास हिमोग्लोबिन व्यापलं जाईपर्यंत त्यांनी मजल मारली. त्याच हवेत ठेवलेला उंदीर त्यांच्या कितीतरी आधी लोळू लागे. लहान प्राण्याचा श्वास जलद, रक्ताभिसरण जलद, म्हणून विषही जलद चढतं. यातूनच त्यांनी सुचवलं की खाणीत उतरणाऱ्यांनी पांढरा उंदीर किंवा छोटा पक्षी सोबत न्यावा. पक्ष्याचा फायदा असा की तो दांडीवरून पडतो आणि ते लांबूनही दिसतं. कॅनरी पक्षी ब्रिटिश खाणींत १९८६ पर्यंत नोकरीवर होते.

पहिल्या महायुद्धात हे ज्ञान थेट फौजेत आलं. पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजूंचे सैनिक शत्रूच्या खंदकांखाली बोगदे खणून स्फोटकं भरत होते. स्फोटानंतर बोगद्यांत हाच वायू साचे आणि मदतीला गेलेली माणसंही कोसळत. म्हणून ब्रिटिश बोगदा-कंपन्या कॅनरी आणि उंदीर बाळगत. एडिंबराच्या किल्ल्यातल्या स्कॉटिश राष्ट्रीय युद्धस्मारकात या मुक्या सोबत्यांचं शिल्प कोरलेलं आहे. मला तो मान अगदी रास्त वाटतो. स्वतःच्या शरीरावर भरवसा ठेवू नका, दुसऱ्या कुणाकडे तरी बघत राहा, हे त्या पक्ष्यांनी हजारो माणसांना शिकवलं.

धुराड्याचा भरवसा

खाणीत आणि खंदकात ठीक, पण सुखवस्तू घरात, जिथं व्यवस्थित धुराडं आहे, तिथं काय होणार? २८ सप्टेंबर १९०२ च्या रात्री पॅरिसमधल्या आपल्या घरात फ्रेंच लेखक एमिल झोला झोपायला गेले. खोलीतल्या शेकोटीत विस्तव होता, खिडक्या बंद होत्या. रात्री पती-पत्नी दोघांनाही अस्वस्थ वाटू लागलं. काहीतरी पोटात बिघडलं असेल, असं समजून कुणी नोकरांना उठवलं नाही. सकाळी दार फोडलं तेव्हा झोला गेलेले होते, पत्नी अलेक्झांड्रिन बेशुद्ध होत्या, त्या वाचल्या.

धुराड्याचा मार्ग तुंबल्यामुळे हे घडलं. त्यानंतर तपासासाठी त्याच खोलीत पुन्हा शेकोटी पेटवून गिनीपिग ठेवण्यात आले, तर ते सकाळी जिवंत! ड्रायफस प्रकरणात झोलांनी फ्रेंच लष्करशहांना अंगावर घेतलं होतं, त्यामुळे धुराडं कुणी मुद्दाम बुजवलं का, हा वाद फ्रान्समध्ये अनेक दशकं चालला. त्या वादात मी पडत नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की कालपर्यंत ओढणारं धुराडं आज ओढेलच असं नसतं. वारा फिरतो, काजळी धरते, पक्षी घरटं करतो, आणि आपल्या पोस्टवर तर रात्रीतून नळीच्या तोंडावर बर्फ बसतं. एक दिवसाच्या तपासणीनं पुढच्या रात्रीची खात्री मिळत नाही.

ॲडमिरलची मोर्स

या विषयावरची मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट अंटार्क्टिकातली आहे. अमेरिकन नौदलाचे रिअर ॲडमिरल रिचर्ड बर्ड हे १९२९ मध्ये दक्षिण ध्रुवावरून विमान नेणाऱ्या मोहिमेचे प्रमुख. दुसऱ्या मोहिमेत, १९३४ मध्ये, मुख्य तळ ‘लिटल अमेरिका’पासून सुमारे २०० किलोमीटर आत हवामानाच्या नोंदींसाठी एक पुढचा तळ उभारायचं ठरलं. बेत तीन माणसांचा होता. पण हिवाळ्याआधी तेवढी रसद पोचवता आली नाही, म्हणून बर्ड यांनी एकट्यानं राहायचं ठरवलं. बर्फात पुरलेली एक लहानशी लाकडी खोली, हवेसाठी छतातून वर गेलेल्या नळ्या, एक तेलाची शेगडी आणि बाजूच्या बर्फाच्या बोगद्यात रेडिओसाठी पेट्रोलवर चालणारं जनरेटर. मार्चअखेरीस ते तिथं एकटे राहिले. पुढे तापमान उणे ६० सेल्सियसच्या खालीही गेलं.

शेगडीच्या नळीचे सांधे घट्ट नव्हते आणि हवेच्या नळ्यांमध्ये बर्फ धरत होतं. काही आठवडे डोकेदुखी, मरगळ, भूक नाही. ३१ मे रोजी रेडिओवर बोलणं सुरू असताना जनरेटरच्या धुरानं ते बोगद्यात कोसळले. कसेबसे खोलीत परतले. त्यानंतरचे दोन महिने म्हणजे एक जीवघेणं त्रांगडं: शेगडी पेटवली तर वायू, विझवली तर थंडी. ते दिवसातले बरेच तास शेगडी बंद ठेवून गोठत पडून राहत.

यातलं त्यांनी लिटल अमेरिकेला काहीही कळवलं नाही. कळवलं असतं तर ध्रुवीय रात्रीच्या काळोखात त्यांची माणसं ट्रॅक्टर घेऊन निघाली असती आणि वाटेतल्या बर्फाच्या भेगांत गेली असती, अशी त्यांना भीती होती. कमांडर म्हणून हा विचार मला पूर्ण समजतो. माझ्या ओळखीचे निम्मे अधिकारी असंच वागले असते. पण मोर्सची चावी खोटं बोलेना. ठोके चुकू लागले, शब्द तुटू लागले, उत्तरं उशिरा येऊ लागली. तळावरच्या लोकांना संशय आला. दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी थॉमस पोल्टर यांनी उल्कांचं निरीक्षण करण्याच्या निमित्तानं पुढच्या तळाकडे जायची परवानगी मिळवली. दोनदा वाटेतून परतावं लागलं. तिसऱ्या खेपेला, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पोल्टर आणि दोन सहकारी पोचले. बर्ड उभे होते, पण इतके खंगले होते की विमानानं परत नेण्याजोगे व्हायला ऑक्टोबर उजाडला. पुढे १९३८ मध्ये त्यांनी ‘अलोन’ या पुस्तकात हे सगळं मोकळेपणानं लिहिलं.

बर्ड शूर होते, अनुभवी होते आणि धोका कशाचा आहे हे त्यांना कळलेलंही होतं. तरी ते स्वतःला सोडवू शकले नाहीत. त्यांना वाचवलं ते दोनशे किलोमीटरवर कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसांनी, ज्यांना आपल्या साहेबाचा मोर्सचा हात ओळखीचा होता.

आपल्या उंचीवर

आता आपल्या पहाडांकडे वळतो. समुद्रसपाटीच्या मानानं लेहच्या उंचीवर, म्हणजे ३,५०० मीटरला, हवेचा दाब साधारण दोन तृतीयांश उरतो आणि ५,५०० मीटरला जवळजवळ निम्मा. रक्ताला आधीच ऑक्सिजन कमी. त्यात बुखारीलाही तो कमी, म्हणून ज्वाला अर्धवट जळते आणि वायू जास्त निघतो. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे लक्षणं. उंची लागली की डोकं दुखतं, मळमळतं, थकवा येतो, झोप येते. कार्बन मोनॉक्साइडचीही हीच यादी. मी त्या रात्री जी चूक केली ती पहाडात कुणीही करतो.

बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर यात मदतीला येत नाही, उलट फसवतं. ते रक्ताचा रंग बघतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच लाल दिसतं. माणूस ढासळत असतो आणि आकडा छान असतो. म्हणून आकड्यापेक्षा खोलीकडे बघावं. एकाच झोपडीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर उतरायला लागलं, तर बुखारीचाच दोष धरून चालावं. आधी सगळ्यांना उघड्यावर काढायचं, बुखारी बंद करायची, ऑक्सिजन द्यायचा आणि डॉक्टरला कळवायचं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

फौजेतली बुखारीची शिस्त या सगळ्या इतिहासाचं सार आहे, हे मला उशिरा कळलं. झोपण्याआधी बुखारी बंद. नळीचे सांधे आणि वरची टोपी रोज बघायची, बर्फ पडल्यावर पुन्हा बघायची. हवेची वाट उघडी. आणि बाहेरून संतरीची फेरी. पहिले तीन नियम आतल्या माणसाचे आहेत. आतला माणूस ते मोडणार, कारण त्याला थंडी वाजते, हे गृहीत धरून चौथा नियम केलेला आहे. आता वायू हुंगून ओरडणारे अलार्मही मिळतात. ते आजचे कॅनरी. लावावेतच, पण संतरीची फेरी त्यांच्यामुळे रद्द करू नये.

निवृत्त मंडळींना आणि घरच्या वाचकांना दोन शब्द. हा विषय पहाडापुरता नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीनं माणसं गेल्याची बातमी वाचतो. आपल्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तीच गोष्ट लहानशा बाथरूममधल्या गॅस गीझरच्या रूपात येते. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असं आपण धरतो. तो वास गळतीचा. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तो नसतो. गीझर बाथरूमच्या बाहेर हवेशीर जागी बसवावा. ते शक्य नसेल तर बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, मगच दार लावून आंघोळीला बसावं. झरोक्याला थंडीत पुठ्ठा लावू नये. आत गेलेल्याला वेळ लागला तर हाक मारावी, आणि उत्तर आलं नाही तर संकोच करू नये.

ते सुभेदार साहेब ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त झाले. मागच्या सुट्टीत त्यांच्या गावी भेटायला गेलो होतो. बंगला नवा, खिडक्या सरकत्या काचेच्या, घट्ट बसणाऱ्या. न्हाणीघरात हात धुवायला गेलो. गीझर बाहेरच्या भिंतीवर होता आणि झरोक्याच्या काचेत लाकडाची एक खुंटी अडकवलेली, काच पूर्ण मिटू नये म्हणून. हात पुसायचे राहिले, आधी त्या फटीत बोटं घालून पाहिली. चार बसली.